रोग संपला तर नुकसान कुणाचं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. दम्याच्या मुलांच्या पालकांना हवा बिघडण्याआधीच कळवणारं ॲप तू जवळजवळ पूर्ण करत आणलं आहेस, आणि नेमकं याच वेळी स्वच्छ हवेसाठी लढणाऱ्या एका संघटनेनं तुला पूर्णवेळ कामाला बोलावलं आहे. तुझ्या मित्रमंडळींत दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, राजकारणाच्या नादी लागलास तर काही वर्षांनी हाती शून्य उरेल, त्यापेक्षा जे बनवता येतं ते बनव. दुसऱ्यांचं म्हणणं, दुखणं सत्तेच्या ठिकाणी आहे आणि तू मोबाइलवर मलमपट्टी करत बसला आहेस. समाजाच्या आरोग्याचे प्रश्न खरोखर कशाने सुटतात, असं तू मला विचारतोस.

दोन्ही लागतं, असं सांगून मी मोकळा होणार नाही. ते खरं असलं तरी त्याने तुझा निर्णय होत नाही. आज माणसांना छळणाऱ्या आरोग्याच्या बहुतेक प्रश्नांवरचा उपाय ठाऊक आहे. तो अडलाय कारण ज्यांनी निर्णय घ्यायचा ते घेत नाहीत. म्हणून माझं मत राजकीय कृतीकडे झुकतं. पण सरसकट नाही. कुठे यंत्रापासून सुरुवात करायची आणि कुठे सत्तेच्या दारापासून, हे ठरवताना मी एक प्रश्न विचारत आलो आहे: हा त्रास उद्या संपला, तर नुकसान कुणाचं होईल?

देवीचा रोग घे. देवी गेल्याने कुणाचा धंदा बसणार नव्हता, कुणाची जमीन जाणार नव्हती. १९५८ मध्ये सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी जागतिक आरोग्य सभेत देवी पृथ्वीवरूनच घालवण्याचा प्रस्ताव मांडला आणि शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिका आणि सोव्हिएत संघ त्या कामात एकत्र आले. कोणाच्याच हिताआड ते येत नव्हतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. मग अडचणी उरल्या त्या बहुतांशी तंत्राच्या. उष्णतेत टिकेल अशी कोरडी लस हवी होती, ती मिळाली. थोड्या लशीत जास्त माणसांना टोचता येईल असं साधन हवं होतं, तेव्हा टोकाशी दोन दाते असलेली सुई आली. १९६७ मध्ये मोहिमेला जोर आला, १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये देवी संपल्याचं जाहीर झालं. अशा ठिकाणी चांगलं साधन बनवणारा माणूस मोर्चा काढणाऱ्यापेक्षा जास्त जीव वाचवतो, हे तुझ्या दुसऱ्या तटातल्या मित्रांना जरूर सांग.

जुलाबांवरच्या मीठ-साखरेच्या पाण्याचंही तसंच. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णाच्या नातेवाइकांनीच ते पेल्यापेल्याने पाजायचं असं ठरवलं. आजूबाजूला तीस टक्क्यांच्या घरात मृत्यू होत होते. त्यांच्याकडे ते प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. आतड्यातून मीठ शोषलं जायला साखरेची मदत होते, हे शास्त्र काही वर्षं आधीच कळलं होतं. पुढे कुणाचं नुकसान होणार होतं तर डॉक्टरी प्रतिष्ठेचं, तेही थोडंसं, तरीसुद्धा हा उपाय घरोघरी जायला कैक वर्षं गेली. बांगलादेशात १९८० पासूनच्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या बायका दारोदार फिरल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी कसं मिसळायचं ते सव्वा कोटीच्या आसपास घरांत शिकवून आल्या. त्यांचं मानधन कशावर ठरायचं माहीत आहे? नंतर दुसरं कुणीतरी जाऊन त्या घरातल्या आईला विचारायचं, आणि तिला जेवढं आठवत असेल त्या प्रमाणात शिकवणारीला पैसे मिळायचे. ही युक्ती कुठल्या प्रयोगशाळेतून आली नाही की कुठल्या कायद्यातून आली नाही. तुझ्या ॲपच्या आराखड्यात हे खातं रिकामं आहे: सूचना पोचली, पण समोरच्याला ती समजली का आणि तिचं काही करता आलं का, हे तपासणारं कुणीच नाही.

आता दुसरी बाजू पाहा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुझ्या कामाशी हिचं नातं जवळचं आहे.

१९२१ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याला आढळलं की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग घातलं की इंजिनाची खडखड थांबते. शिसं विषारी असतं, हे त्या काळीही सर्वांना ठाऊक होतं. अल्कोहोल मिसळूनही खडखड थांबते, हेही संशोधकांना माहीत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे द्रव्य बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले आणि त्यांतले काही तडफडून मेले. त्यावर मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर घेतलं आणि हुंगून दाखवलं. पुढच्या वर्षी सरकारने परिषद भरवली. औद्योगिक विषबाधेचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी धोका स्पष्ट सांगितला. विक्री थोडा काळ थांबली आणि परत सुरू झाली. त्यानंतर सुमारे चार दशकं शिशाच्या दुष्परिणामांवरचं जवळजवळ सगळं संशोधन त्याच उद्योगाच्या पैशावर चाललं, आणि त्या संशोधनाचा सूर एकच होता: अपाय होतो हे आधी सिद्ध करा, मग बोला.

सिद्ध करणारा माणूस आला तो भलत्याच वाटेने. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढत होता. त्याची मोजमापं सारखी बिघडायची, कारण प्रयोगशाळेतल्या धुळीत, पाण्यात, स्वतःच्या केसांतही शिसं होतं. त्याने कमालीची स्वच्छ प्रयोगशाळा उभारली, १९५६ मध्ये पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं, आणि मग त्याला प्रश्न पडला की हे एवढं शिसं आलं कुठून? समुद्राच्या पाण्यात, आणि पुढे ध्रुवाजवळच्या जुन्या बर्फातही, त्याने ते शोधलं आणि १९६५ मध्ये लिहून टाकलं की माणसांच्या अंगात ते नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट आहे. याचं फळ म्हणून त्याचे संशोधनाचे करार गेले, आणि १९७१ मध्ये हवेतल्या शिशावर राष्ट्रीय समिती नेमली गेली तेव्हा त्या विषयातला हा सर्वांत जाणता माणूस तिच्यात नव्हता.

मग शिसं गेलं कसं? अमेरिकेत १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि गाड्यांच्या धुरावर कडक मर्यादा आली. ती पाळायला कंपन्यांनी १९७५ पासून नव्या गाड्यांत धुरातली विषारी द्रव्यं कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवले. शिशाने हे कन्व्हर्टर निकामी होतात, म्हणून पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणं भाग पडलं. आरोग्याच्या कारणासाठी मर्यादा घालण्याचे नियमही झाले, मधे ते सैल करायचा प्रयत्न झाला, तो हाणून पाडला गेला, आणि १९८६ पर्यंत पेट्रोलमधलं शिसं नाममात्र राहिलं. १९७६ ते १९८० या काळात तिथल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला सरासरी १५ मायक्रोग्रॅम शिसं होतं. १९८८ ते १९९१ मध्ये ते ३.६ वर आलं. एका पिढीच्या मेंदूवरचा भार एवढ्या थोड्या काळात उतरला. जगात शेवटी २०२१ मध्ये अल्जीरियाने ते पेट्रोल विकणं थांबवलं. शोधापासून मोजलं तर शंभर वर्षं झाली.

या गोष्टीत तंत्रज्ञान तीनदा येतं. एकदा विष म्हणून, एकदा ते विष मोजणारी स्वच्छ प्रयोगशाळा म्हणून, आणि एकदा कायद्याने भाग पाडलेला कन्व्हर्टर म्हणून. तंत्रज्ञान चांगलं की वाईट असं कुणी विचारलं की मला ही तीन रूपं आठवतात. पॅटरसनच्या मोजमापाशिवाय कायद्याला आधार मिळाला नसता, आणि कायद्याशिवाय ते मोजमाप कपाटात पडून राहिलं असतं. त्यातही जास्त काळ काय अडलं होतं ते बघ. शिसं विषारी आहे ही माहिती पहिल्या दिवसापासून हजर होती. निर्णयाला मात्र पन्नास वर्षं लागली.

नुकसान होणारा नेहमी एखादा कारखानदारच असतो असं नाही. कधी ते थोडं थोडं सगळ्या करदात्यांत वाटलेलं असतं, आणि ते हलवणं आणखी अवघड. लंडनची कॉलऱ्याची कथा तू ऐकली असशील. जॉन स्नो हा डॉक्टर, १८५४ ची साथ, दूषित पाण्याचा ब्रॉड स्ट्रीटचा पंप, त्याचा काढलेला दांडा. ती सहसा विज्ञानाच्या विजयाची कथा म्हणून सांगतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो. दांडा निघाला तोवर लोक तो भाग सोडून पळाले होते आणि साथ ओसरत होती. स्नोने स्वतःच तसं नोंदवलं आहे. साथ गेल्यावर दांडा परत बसला. कॉलरा पाण्यातून येतो हे स्नोचं म्हणणं सरकारी चौकशीने फेटाळलं. शहराखालून मोठी गटारं काढायची योजना जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याकडे होती, पण खर्च कुणी करायचा आणि अधिकार कुणाचा या वादात ती अडकली होती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी इतकी असह्य झाली की तिच्या काठच्या पार्लमेंटमधले पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून टांगावे लागले. मग मात्र कायदा काही आठवड्यांत मंजूर झाला. स्नो त्याच जूनमध्ये वारला होता. गटारं बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांचा समज होता की रोग घाण वासातून पसरतो. म्हणजे कारण चुकीचं धरलं होतं, तरीही लंडनचं पाणी घाणीपासून वेगळं झालं. १८६६ मध्ये कॉलरा परत आला तेव्हा पाच हजारांवर माणसं दगावली, आणि ती मुख्यतः शहराच्या पूर्व भागात, जिथे हे काम पूर्ण व्हायचं होतं.

ज्याच्याकडे बरोबर उत्तर होतं त्याच्याकडे सत्ता नव्हती. सत्ता हलली ती तिच्या स्वतःच्या नाकाला वास आल्यावर. गरीब वस्तीतल्या आजाराची झळ निर्णय घेणाऱ्याच्या खिडकीपर्यंत पोचवणं हे राजकीय कृतीचं निम्मं काम आहे, आणि त्या कामात तुझ्यासारख्या तंत्र जाणणाऱ्या माणसाचा फार उपयोग होतो. ते कसं, त्याकडे येतोच.

रुडॉल्फ फिर्को या जर्मन डॉक्टरचं आयुष्यही तुला उपयोगी पडेल. १८४८ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, प्रशियाच्या सरकारने त्याला अप्पर सायलेशियात टायफसची साथ बघायला पाठवलं. त्याने परत येऊन औषधांची यादी दिली नाही. लोकशाही, शिक्षण, रस्ते आणि करांची न्याय्य रचना मागितली. सरकार खूश झालं नाही आणि त्याला बर्लिन सोडावं लागलं. पण मला त्याचं पुढचं आयुष्य जास्त मोलाचं वाटतं. तो परत आला, बर्लिनच्या नगरसभेवर निवडून गेला आणि शहराच्या गटारयोजनेमागे चिकाटीने उभा राहिला. ज्याने तरुणपणी क्रांतीची भाषा केली, त्याने नंतर नळांचे उतार आणि खर्चाचे तक्ते वाचले. तुझ्या दोन्ही तटांतल्या मित्रांना त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

राजकीय कृतीने तंत्र आत्मसात केलं तर काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेत दिसलं. १९९६ पासून एचआयव्हीवर औषधांचा एकत्रित उपचार उपलब्ध झाला आणि श्रीमंत देशांत मृत्यू झपाट्याने कमी झाले. पण त्याचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता, आणि बहुतेक रुग्ण गरीब देशांत होते. स्वस्त औषधांची वाट मोकळी करणारा कायदा दक्षिण आफ्रिकेने केला, तर एकोणचाळीस औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही १९९८ मध्ये स्थापन झालेली रुग्णांची चळवळ त्यांच्या विरोधात उभी राहिली. मोर्चे तर निघालेच, पण तिची खरी ताकद दुसरीकडे होती. चळवळीतली साधी माणसं, त्यांतली कित्येक फारशी न शिकलेली, विषाणू पेशीत कसा शिरतो, सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा म्हणजे काय, कुठल्या गोळीने काय त्रास होतो हे शिकली आणि वस्त्यांमधून शिकवत गेली. ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं मोठ्या अक्षरांत छापलेले टी-शर्ट घालून ती न्यायालयासमोर उभी राहिली. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, आणि एप्रिलमध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. पुढे हाच उपचार गरीब देशांना वर्षाला शंभर डॉलरच्या आत मिळू लागला. औषधाचं रसायन होतं तसंच राहिलं. बदललं ते त्याच्या मालकीचं आणि किमतीचं राजकारण.

त्याच देशाची दुसरी बाजूही डोळ्यांआड करू नकोस. राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी एड्सचं कारण एचआयव्ही आहे यावरच शंका घेतली आणि सरकारी रुग्णालयांतून औषधं द्यायला उशीर केला. त्या उशिराने तीन लाख तीस हजारांहून जास्त जीव गेले, असा अंदाज २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. लोकांनी निवडून दिलेली, वर्णभेदाविरुद्ध लढून आलेली सत्ता होती ती. म्हणून राजकारणाकडे जायचं तर विज्ञानाची मोजपट्टी घरी ठेवून जाऊ नकोस. चळवळीत असं वातावरण सहज तयार होतं की आपल्या बाजूचा आकडा थोडा फुगवला तर बिघडत नाही. बिघडतं. पॅटरसनला समितीतून वगळता आलं, पण खोडून काढता आलं नाही, कारण त्याची मोजणी त्याच्या विरोधकांच्या मोजणीपेक्षा चोख होती.

राजकीय कृती म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर घोषणा आणि उपोषण येतं, हे तुझ्या पत्रावरून जाणवलं. श्रीलंकेत काय झालं ते वाच. तिथे १९९५ मध्ये आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे ४७ च्या आसपास होतं, आणि त्यांतला मोठा वाटा कीटकनाशक पिण्याचा होता. सरकारच्या कीटकनाशक नोंदणी यंत्रणेने कुठल्या रसायनाने विषबाधा झालेले रुग्ण वाचत नाहीत ते पाहिलं आणि ती रसायनं टप्प्याटप्प्याने बंद केली. २००५ पर्यंत ते प्रमाण २४ पर्यंत उतरलं. शेतीचं उत्पादन त्याने घटलं नाही. लोकांची दुःखं, कर्जं, घरातली भांडणं तशीच होती; पण रागाच्या किंवा हताशेच्या त्या घडीला हाताशी जे विष होतं ते कमी जहाल होतं, आणि माणूस रुग्णालयातून घरी परत आला. ही राजकीय कृतीच होती. एक यादी, एक अधिसूचना, रुग्णालयांच्या नोंदी चिकाटीने जमवणारे डॉक्टर आणि विक्रेत्यांच्या दबावाला न बधणारे अधिकारी. तुझ्यासारख्या शांत स्वभावाच्या माणसाला अशा राजकारणात पुष्कळ जागा आहे.

आणि तंत्रज्ञान राजकारणापासून अलिप्त असतं असं जे तुझा पहिला तट समजतो, त्यांच्यासाठी एक उदाहरण. अमेरिकेत कुठल्या रुग्णाला जादा देखभालीची गरज आहे हे ठरवायला रुग्णालयं एक अल्गोरिदम, म्हणजे संगणकाची ठरीव हिशेबपद्धत, वापरत होती. तो वंश विचारात घेत नव्हता. आजाराच्या गरजेचा अंदाज तो आधीच्या वैद्यकीय खर्चावरून बांधायचा. पण कृष्णवर्णीय रुग्णांवर त्याच आजारासाठी कमी खर्च होत आला होता, त्यामुळे जास्त आजारी असूनही ते यादीत खाली राहायचे. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघड केलं. ही चूक सुधारली तर जादा मदत मिळणाऱ्यांमध्ये त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं त्यांनी दाखवलं. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्याच्या मनात द्वेष असण्याची गरजच नव्हती. खर्चाचा आकडा सहज मिळतो, गरजेचा मिळत नाही, म्हणून त्याने खर्च घेतला. कुठला आकडा सोयीचा म्हणून उचलायचा, हा तुझ्या टेबलावर दर आठवड्याला येणारा राजकीय निर्णय आहे.

आता तुझं ॲप. हवा बिघडणार असेल तर ते आईला सांगतं: आज मुलाला बाहेर नेऊ नका, खिडक्या लावून घ्या, औषध जवळ ठेवा. सूचना योग्य आहे, आणि दम्याच्या झटक्याने घाबरणाऱ्या मुलाला त्याने एक रात्र बरी जात असेल तर ते काम मला छोटं वाटत नाही. पण ही सूचना कुणाला पाळता येते? जिच्या घराला नीट लागणाऱ्या खिडक्या आहेत, जिला कामावर दांडी मारता येते, तिला. उरलेल्या आईला तुझं ॲप रोज सकाळी एवढंच सांगेल की तुझ्या मुलाला आज त्रास होणार आहे आणि तू काही करू शकत नाहीस. धूर सोडणाऱ्याच्या मोबाइलवर मात्र काहीच वाजणार नाही. माझा नेहमीचा प्रश्न इथे लावून बघ. हवा उद्या स्वच्छ झाली तर कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राला खर्च येईल, वाहन कंपनीला येईल, नगरपालिकेला बसगाड्या घ्याव्या लागतील. नुकसान होणारे भरपूर आहेत आणि बलवान आहेत. त्यामुळे हा प्रश्न देवीसारखा नाही, शिशासारखा आहे.

मग तुझे सेन्सर वाया जातील का? मुळीच नाही. २००८ पासून बीजिंगमधल्या अमेरिकी दूतावासाच्या छतावर बसवलेलं एक यंत्र हवेतल्या सूक्ष्म कणांचे, म्हणजे पीएम २.५ चे आकडे तासातासाला जाहीर करत होतं. अधिकृत माहितीत हवा ठीक असायची आणि त्या यंत्रात भयंकर. लोक दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघू लागले. २०१२ मध्ये चीनने पीएम २.५ राष्ट्रीय मानकांत आणलं, २०१३ मध्ये मोठा कृती-आराखडा आला, आणि बीजिंगची वार्षिक सरासरी त्या वर्षीच्या सुमारे ९० मायक्रोग्रॅमवरून २०१७ मध्ये ५८ वर आली. एका यंत्राने हे केलं असं मी म्हणणार नाही, पण नाकारता येणार नाही असा आकडा लोकांच्या हातात त्याने दिला.

लंडनमधलं दुसरं प्रकरण तर तुझ्या कामाच्या अगदी जवळचं आहे. दम्याने २०१३ मध्ये वारलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूला हवेचं प्रदूषणही कारणीभूत होतं, असा निर्णय २०२० मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने दिला. तिथे असा निर्णय पहिल्यांदाच झाला. तिची आई वर्षानुवर्षं लढली, आणि तिच्या बाजूने पुरावा म्हणून काय उभं राहिलं? घरापासून मैलभरावर असलेल्या मापन केंद्राच्या नोंदी आणि मुलीच्या रुग्णालयातल्या दाखल्यांच्या तारखा. त्या नोंदी कुणीतरी इमानेइतबारे ठेवल्या होत्या म्हणून आईच्या म्हणण्याला वजन आलं.

म्हणून माझा सल्ला असा. संघटनेत जा, आणि ॲप बरोबर घेऊन जा, पण ते कुणासाठी आहे ते बदल. आईला सूचना देणं चालू ठेव. मुख्य वापरकर्ता मात्र नियंत्रण मंडळाचा अधिकारी, पत्रकार आणि वकील धर. त्यांना कुठल्या तासाला, कुठल्या वाऱ्यात, कुठल्या चिमणीच्या बाजूने आकडा चढतो हे दिसलं पाहिजे. स्वस्त सेन्सर दमट हवेत जास्त आकडा दाखवतात, हे तुला माहीतच असेल. विरोधी वकिलाचं पहिलं बोट तिथेच जाईल. म्हणून तुझा प्रत्येक सेन्सर प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून तपासून घे आणि त्या तपासणीची नोंद तारखेनिशी जप. आकडे सगळ्यांना खुले ठेव, आपल्याला गैरसोयीचे असले तरी. पैसा कुणाकडून घेतोस तेही तितकंच उघड ठेव. शिशाच्या उद्योगाने संशोधनाचं काय केलं ते मी वर लिहिलंच आहे.

संघटनेलाही होकार देण्याआधी पारखून घे. एखादा आकडा त्यांच्या मागणीच्या विरोधात गेला तर ते तो प्रसिद्ध करू देतील का, हे स्पष्ट विचार. नगरपालिकेचं अंदाजपत्रक वाचू शकणारं त्यांच्यात कुणी आहे का, तेही विचार. नसेल तर ते शिकणं हे तुझं पहिल्या वर्षाचं काम. वीजकेंद्र बंद झालं तर तिथल्या कामगारांचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल तर तेच कामगार उद्या तुमच्या समोर उभे राहतील, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नुकसान कुणाचं होईल हा प्रश्न शत्रू शोधण्यापुरता वापरू नकोस. ज्यांच्या नुकसानाची भरपाई करायला हवी ती माणसंही त्यातच सापडतात.

कंपनीची नोकरी सोडण्याबद्दल घरचे नाराज आहेत असं तू लिहितोस. त्यांची काळजी रास्त आहे. संघटनेकडून एका वर्षाच्या मानधनाचं लेखी घे आणि तो कागद घरी दाखव.

तुझ्या सेन्सरांच्या तपासणीचे आकडे आणि संघटनेने पाठवलेलं मागणीपत्र, दोन्ही मला पाठव. मागणीपत्रात त्यांनी कुठल्या अधिकाऱ्याकडे, कुठल्या कायद्याच्या आधारे आणि किती मुदतीत काय मागितलं आहे ते मला बघायचं आहे. त्यावर सविस्तर लिहीन.

अनेक आशीर्वाद.